एका अक्षराचे वैर

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मग्रामात मुलांसाठी बायबल-वाचन स्पर्धा आणि तरुणांसाठी वक्तृत्व स्पर्धा एकाच संध्याकाळी भरविण्यात आल्या. वाचनासाठी काना गावच्या लग्नाचा उतारा होता. एका दहा वर्षांच्या मुलाने तो न अडखळता, अर्थ जाणून, ते दगडी रांजण डोळ्यांपुढे उभे राहावेत असा वाचला. मात्र ‘पाणी’ हा शब्द तो प्रत्येक वेळी ‘पानी’ असा उच्चारीत होता. सभागृहात प्रथम हलकीशी खसखस पिकली, मग उघड हसू फुटले. आणि परीक्षकांनी ‘शुद्ध उच्चार’ या रकान्यात त्याला दहापैकी दोन गुण दिले. मुलगा मान खाली घालून आपल्या आजीशेजारी जाऊन बसला. त्यानंतर त्याने ख्रिस्तमंदिरात किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात वाचनासाठी पुन्हा पुस्तक हाती घेतलेले नाही.

त्याच संध्याकाळी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आगळ्या विषयावर भाषण केले. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी आपल्या कथासृष्टीतील एल्फ नावाच्या लोकांसाठी रचलेल्या भाषा, हा तिचा विषय. कार्यक्रम आटोपल्यावर एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ आम्हांस भेटले. “फादर,” ते म्हणाले, “आपल्या मुलांना साधे ‘पाणी’ म्हणता येत नाही, आणि आपण व्यासपीठ देता ते कोणीही कधी न बोललेल्या भाषेला! त्या एल्फांच्या भाषेत एक तरी सुख असेल. एकाच माणसाने रचलेली ती भाषा. तिच्यात शुद्ध-अशुद्धाची भानगड असण्याचे कारणच नाही.”

आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, भानगड आहे, आणि तीही एका अक्षराचीच आहे. उभ्याउभ्या याहून अधिक सांगणे शक्य नव्हते. राहिलेले उत्तर येथे देत आहोत. ते त्या एका गृहस्थांपुरते नाही. शुद्धतेच्या नावाखाली मुलांच्या जिभेवरची घरची बोली खरवडून काढण्याचा जो उद्योग आपल्या घराघरांतून मोठ्या निष्ठेने चालला आहे, त्याच्याविरुद्ध आमचे हे म्हणणे आहे.

प्रथम त्या लेखकाविषयी. जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म 1892 साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफॉन्टेन येथे झाला. वडील लवकर वारले. इंग्लंडमध्ये परतलेल्या त्यांच्या आईने 1900 साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि त्यापायी आप्तांचा रोष व आर्थिक ओढाताण पत्करली. मुलाला लॅटिनचे पहिले धडे तिनेच दिले. 1904 साली तीही गेली. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी दोन्ही पोरक्या भावांचा पालक म्हणून सांभाळ केला. हा मुलगा पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक झाला, अखेरपर्यंत श्रद्धावान कॅथलिक राहिला आणि 1973 साली निवर्तला. ‘द हॉबिट’ 1937 साली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 साली प्रसिद्ध झाले. ही पुस्तके जगभर वाचली गेली. पण लेखकाच्या लेखी भाषा आधी होत्या आणि कथा नंतर. ज्या भाषा आपण घडविल्या त्या बोलणारे लोक हवेत, त्यांना देश हवा, इतिहास हवा, म्हणून त्यांनी कथा लिहिल्या. भाषा रचण्याच्या या छंदाला त्यांनी 1931 सालच्या एका व्याख्यानात ‘गुप्त व्यसन’ असे मिस्कील नाव दिले होते.

भाषा रचणारे ते काही पहिले नव्हेत. डॉ. झामेनहॉफ यांनी 1887 साली एस्परँटो जगापुढे ठेवली. सर्व मानवजातीला एका भाषेने जोडावे हा तिच्यामागील हेतू उदात्तच होता. तरुणपणी टॉल्किनही तिच्याकडे ओढले गेले होते. पुढे मात्र एका पत्रात त्यांनी लिहिले की, अशा भाषा मृत भाषांहूनही अधिक मृत आहेत, कारण त्यांच्या कर्त्यांनी त्यांच्यासाठी दंतकथा रचल्या नाहीत. आमच्या शब्दांत सांगायचे तर, ज्या भाषेत कोणा आजीने गोष्ट सांगितलेली नाही ती भाषा व्याकरणाने कितीही निर्दोष असली तरी पोरकीच होय.

आता त्या भाषांकडे वळू. टॉल्किन यांचे एल्फ म्हणजे परीकथांतील चिमुकले पंखधारी जीव नव्हेत. ती माणसांसारखीच दिसणारी, पण दीर्घायुषी, कलावंत आणि अभिमानी अशी जमात आहे. तिच्या दोन मुख्य भाषा: फिनिश, लॅटिन व ग्रीक यांच्या नादावर घडलेली क्वेन्या आणि वेल्श भाषेच्या नादावर घडलेली सिंदारिन. दोन्ही एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत. हंसाला क्वेन्यात ‘अल्क्वा’ म्हणतात, सिंदारिनमध्ये ‘आल्फ’. बोलणे या क्रियापदाचे मूळ क्वेन्यात ‘क्वेत’, सिंदारिनमध्ये ‘पेद’. एकीकडे ‘क्व’ तर दुसरीकडे ओष्ठ्य वर्ण, हा फरक लहरीने आलेला नाही. तो नियमाने येतो. लॅटिनमधील चार या अर्थाच्या ‘क्वात्तुओर’ या शब्दासमोर वेल्शमध्ये ‘पेद्वार’ उभा राहतो तसाच. यातली कोणती बाजू शुद्ध आणि कोणती अशुद्ध? प्रश्नच निरर्थक आहे. दोघी बहिणी आहेत, एवढेच उत्तर.

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. भाषा सर्वस्वी त्यांच्या मालकीची होती. तिच्यासाठी एकच व्याकरण आणि एकच उच्चार ठरवून ते मोकळे झाले असते तर त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. तसे न करता त्यांनी क्वेन्याचीही प्रदेशपरत्वे निरनिराळी रूपे केली. पवित्र पर्वताच्या उतारांवर आणि देवदूतसदृश अधिपतींच्या नगरात राहणाऱ्या वान्यार लोकांची क्वेन्या वेगळी. टेकडीवरच्या तिरिऑन नगरीत राहणाऱ्या, धातू व रत्ने घडविणाऱ्या नोल्दोर लोकांची वेगळी. आणि समुद्रकाठच्या तेलेरी लोकांची भाषा तर इतकी वेगळी की ती क्वेन्याची बोली मानावी की स्वतंत्र भाषा, हाच विचार पडावा. सिंदारिनचीही तीच गोष्ट. दोरिआथच्या अरण्यातली एक, किनाऱ्यावरच्या नावाड्यांची दुसरी, उत्तरेकडची तिसरी. यांतले प्रत्येक रूप आपापल्या प्रदेशात प्रमाण आहे. त्याला स्वतःचे नियम आहेत आणि आपल्या पूर्वजांचा वारसा आहे. घरच्या पोथीत शुद्धिपत्र जोडायला बाहेरचा परीक्षक तेथे बोलावला जात नाही.

आता त्या अक्षराची भानगड. क्वेन्यात जुन्या काळी एक वर्ण होता. इंग्रजीतील ‘थिन’ या शब्दाच्या आरंभी जो घासून निघणारा ‘थ’ ऐकू येतो, तोच हा वर्ण. वान्यार लोकांनी तो जपला. नोल्दोर लोकांच्या तोंडी मात्र तो हळूहळू ‘स’ होत गेला. यात पाप काही नव्हते. भाषा अशाच चालतात. परंतु नोल्दोरांचा राजा फिन्वे याची राणी मीरिएल हिला हा बदल रुचला नाही. सुईकामातील अजोड कौशल्यामुळे तिला ‘थेरिंदे’ हे नाव मिळाले होते, आणि आपल्या नावाचा उच्चार ‘सेरिंदे’ असा होऊ नये अशी तिची इच्छा होती. पुत्र फेआनोर याच्या जन्मानंतर तिची जीवनशक्ती सरली आणि तिने देह ठेवला. राजाने वान्यार कुळातील इंदिस हिच्याशी दुसरा विवाह केला. आईविना वाढलेल्या फेआनोरने मग तो ‘थ’ छातीशी धरला. जो ‘स’ म्हणेल तो माझ्या आईचा अवमान करतो, असे त्याने मनाशी पक्के केले आणि आपल्या मुलांनाही तसेच शिकविले. सावत्र भावांच्या घरांशी असलेल्या वैराची खूण एका वर्णात येऊन बसली. कोण आपला आणि कोण परका हे तोंड उघडताच कळू लागले.

टॉल्किन यांनी हा प्रसंग 1968 सालच्या एका टिपणात सविस्तर मांडला. ते टिपण त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी 1996 साली प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात ‘शिब्बोलेथ’ हा शब्द आहे, आणि तो कोठून आला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गिलादी लोक यार्देनेच्या उतारावर इफ्राईमच्या माणसांना अडवून ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. ज्याच्या जिभेला ‘श’ वळत नाही, जो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो, त्याचा तेथेच वध होतो. असे 42,000 लोक मारले गेले. एका वर्णाची ही किंमत पवित्र शास्त्राने नोंदवून ठेवली आहे. आमच्या सभागृहात कोणाच्या हाती तलवार नव्हती, हे खरे. तरी उतारावर उभे राहून लोकांच्या जिभा तपासण्याची वृत्ती तीच होती.

या कथेत इंदिसचे वर्तन आम्हांस विशेष मननीय वाटते. ती वान्यार कुळातली. तिच्या माहेरचा उच्चार ‘थ’चाच, म्हणजे जुना आणि शुद्धतेच्या दृष्टीने वरचढ. मनात आणते तर सगळ्या नोल्दोरांना ती उच्चार शिकवू शकली असती. पण ज्या लोकांत आपण आलो त्यांच्यासारखे बोलावे, असे ठरवून तिने ‘स’ स्वीकारला. तिच्यावर कोणी सक्ती केली नव्हती, कोणी तिचे गुण कापले नव्हते. तो प्रीतीचा व्यवहार होता. उच्चार बदलावा तर असा, आपखुशीने बदलावा.

आणि फेआनोर? त्याचे दुःख खोटे नव्हते. आईचे नाव आईला हवे तसे उच्चारले जावे, ही इच्छा कोणता मुलगा धरणार नाही? परंतु आईची आठवण जपता जपता त्याने तिची काठी केली. म्हणून एक शब्द आमच्या बोलीप्रेमी मित्रांनाही सांगून ठेवतो. आपली बोली जपावी, तिच्यातील गाणी, म्हणी आणि लग्नातील रीतीभाती लिहून ठेवाव्यात. पण शेजारच्या गावची तीच बोली किंचित वेगळी वाजली की ‘ही आपली खरी बोली नव्हे’ म्हणून नाक मुरडू नये. शहरी परीक्षकाचा पट्टा काढून घेऊन तो गावच्या परीक्षकाच्या हाती दिल्याने मुलाच्या पाठीवरचे वळ कमी होत नाहीत.

पुढे नोल्दोरांनी तेलेरींची जहाजे बळकावण्यासाठी त्यांच्या बंदरात रक्तपात केला. ती वार्ता समुद्रापलीकडील दोरिआथच्या थिंगोल राजाला कळली. मारले गेलेले तेलेरी त्याच्याच भावाची प्रजा होते. शोकाने आणि संतापाने त्याने आज्ञा काढली की, आपल्या प्रजेपैकी कोणीही नोल्दोरांची भाषा बोलू नये, त्या भाषेत हाक आली तर ओ देऊ नये. राजाचा क्रोध समजण्यासारखा होता. पण शिक्षा कोणाला झाली? ज्यांनी तलवार चालविली त्यांना झाली, तशीच ज्यांचे हात स्वच्छ होते त्यांनाही झाली. आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांना तर सर्वांत अधिक झाली. अपराध माणसांनी केला आणि दंड भाषेला झाला. त्यानंतर क्वेन्या घरातून उठली आणि विद्येची, विधींची भाषा होऊन राहिली. टॉल्किन यांनी स्वतःच तिची तुलना लॅटिनशी केली आहे. कित्येक युगांनंतर गालाद्रिएल परमुलुखातल्या अरण्यात आपल्या हरवलेल्या देशासाठी शोकगीत गाते ते त्याच बंदी घातलेल्या भाषेत. राजाज्ञा विसरली गेली, गीत राहिले.

सर्वांनी एकच भाषा एकाच साच्याची बोलावी, असा आग्रह या कथासृष्टीत कोणी धरला? तो धरला सौरोनने. सौरोन म्हणजे तेथील महाअसुर, सर्वांना एका मुद्रिकेने बांधू पाहणारा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या भाषाविषयक परिशिष्टात लेखकाने सांगितले आहे की, आपल्या सर्व सेवकांची एकच भाषा असावी म्हणून सौरोनने ‘काळी भाषा’ बनविली, परंतु त्याचा तो हेतू सफल झाला नाही. ऑर्क नावाचे त्याचे क्रूर सैनिकसुद्धा टोळीटोळीगणिक आपापल्या बोली बोलत राहिले. एका कॅथलिक लेखकाने हे लिहिले आहे, याचे आम्हांस नवल वाटत नाही. बाबेल येथे एकभाषी मानवाने गर्वाने बुरूज चढविला. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा आला, तेव्हा त्याने सर्वांना एक भाषा दिली नाही. पार्थी, मेदी, एलामी, जो तो आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू लागला. ऐक्य आत्म्याचे होते आणि भाषा ज्याच्या त्याच्या होत्या.

याच परिशिष्टातील एक गंमत मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर उमगेल. त्या सृष्टीतील वेस्ट्रॉन या सामायिक भाषेत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सारखा सलगीचा व आदराचा भेद आहे. शायर नावाच्या खेडवळ प्रांतात हॉबिट राहतात. त्यांच्या रोजच्या बोलण्यातून आदरार्थी रूपे गळून गेली आहेत. त्यामुळे पिपिन नावाचा तरुण हॉबिट गोंडॉरच्या राजधानीत येतो तेव्हा तेथील वृद्ध राज्यपाल डेनेथॉरलासुद्धा तो सरळ ‘तू’ म्हणतो. सेवक अवाक् होतात. आणि परिणाम काय? हा परदेशी पोरगा आपल्या मुलुखातला फार मोठा सरदार असला पाहिजे, अशी आवई नगरात उठते! तेथे कोणी त्याचे गुण कापले नाहीत. आपल्या बोलीत जे चूक ते दुसऱ्याच्या बोलीत बरोबर असू शकते, एवढी समज त्या नगरात होती. आपण तर रोज प्रार्थनेत प्रत्यक्ष परमेश्वराला ‘तू’ म्हणतो. ते उद्धट आहे असे कोणी म्हणत नाही, कारण लेकरू बापाशी कसे बोलते हे आपणांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ही सारी कल्पनाविलासाची फळे आहेत; खऱ्या विद्येत असे चालत नाही. तर मग टॉल्किन यांची विद्याच पाहू. त्यांचे गुरू जोसेफ राईट हे यॉर्कशायरच्या गिरणीत लहानपणापासून राबलेले. सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. हेच राईट ऑक्सफर्डचे प्राध्यापक झाले आणि 1898 ते 1905 या काळात त्यांनी इंग्रजीच्या बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश प्रसिद्ध केला. अशा गुरूच्या शिष्याने 1928 साली हडर्सफील्ड परिसरातील बोलीच्या एका शब्दसंग्रहाला प्रस्तावना लिहिली, यात आश्चर्य नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1929 साली, त्यांनी मध्ययुगीन इंग्रजीवर एक निबंध लिहिला. एकांतवासात राहून प्रार्थनामय जीवन जगणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिलेला ‘अँक्रीन विस्से’ हा ग्रंथ आणि त्याच प्रदेशातील अन्य धार्मिक लेखन यांची दोन हस्तलिखिते त्यांनी ताडून पाहिली. लेखनिक वेगळे, पण वर्णलेखन आणि व्याकरण तंतोतंत सारखे. यावरून त्यांनी दाखविले की, नॉर्मन विजयानंतर दरबारात व उच्चभ्रूंत फ्रेंचचा दिमाख वाढला असताना इंग्लंडच्या पश्चिम भागात लोकांची स्वतःची, शिकविली जाणारी, नेमस्त प्रमाणभाषा जिवंत होती. ती राजधानीची नव्हती, एका प्रांताची होती. गावंढळ म्हणून जिला कोणीही बाजूस सारले असते, तिच्यात त्यांना शिस्त दिसली. आणि ती शिस्त कोणी राखली होती? प्रार्थनेची पुस्तके लिहिणाऱ्यांनी.

आता विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, हेच टॉल्किन लॅटिन मिस्साचे कट्टर अभिमानी होते. ही गोष्ट खरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा इंग्रजीत होऊ लागली तेव्हा ते व्यथित झाले. त्यांच्या नातवाने सांगितलेली आठवण अशी की, सारी मंडळी इंग्रजीत प्रतिसाद देत असता आजोबा मोठ्याने लॅटिनमध्ये देत, आणि शेजारी बसलेल्या नातवाला मेल्याहून मेल्यासारखे होई. परिषदेच्या निर्णयाने आम्हांस मराठीतून मिस्सा अर्पण करता येते, याबद्दल आम्ही रोज देवाचे आभार मानतो. या बाबतीत आम्ही टॉल्किन यांच्या बाजूचे नाही. पण त्यांचे दुःख आम्हांला कळते. लॅटिन त्यांना आईने शिकविलेली होती. जिभेला बसलेली प्रार्थनेची भाषा काढून घेतली की म्हाताऱ्या माणसालाही किती लागते, हे ज्यांना त्या प्रसंगात दिसते, त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला काय लागले असेल याचाही विचार करावा. शिवाय त्याच टॉल्किन यांनी प्रभूची प्रार्थना आणि ‘नमो मरिया’ यांचे क्वेन्यात रूपांतर केले होते. ते पुन्हा पुन्हा सुधारलेले कच्चे खर्डे 2002 साली प्रसिद्ध झाले. लॅटिनच्या अभिमान्याला कल्पित भाषेतसुद्धा देवाला बाप म्हणावेसे वाटले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रमाण मराठी नको काय? मुलांनी परीक्षा कशी द्यावी, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. प्रमाण मराठी हवीच. हा लेखही आम्ही तिच्यातच लिहीत आहोत. वेस्ट्रॉन नसती तर शायरचा पिपिन गोंडॉरमध्ये मुका ठरला असता. प्रमाणभाषा हा पूल आहे. त्यावरून सर्वांनी जावे-यावे. पण पुलावर उभे राहून येणाऱ्याला ‘तू त्या काठी जन्मलास हेच चुकले’ असे म्हणण्याचा अधिकार पूल बांधणाऱ्यालाही नाही. मुलाला ‘पाणी’ शिकवा, जरूर शिकवा. तो महिन्याभरात शिकेल. त्यासाठी त्याच्या आजीचे ‘पानी’ अशुद्ध ठरविण्याची गरज नाही. आमच्या किनारपट्टीवर कित्येक घरांत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. डोळ्याला ‘डोला’ आणि शाळेला ‘शाला’ म्हणतात. हा आळस नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे, आणि जेथे नियम आहे तेथे भाषा आहे.

आणि शुद्ध मराठीच्या नावाने आपल्या समाजाने इतके ताठ व्हावे, हे आपल्याच परंपरेला धरून नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया कोणी घातला? 1579 साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या दुसऱ्या एका इंग्रज कॅथलिकाने. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. मराठी भाषेच्या थोरवीविषयी त्यांच्याइतक्या प्रेमाने फार थोड्यांनी लिहिले आहे. तरीही त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात ते कबुली देतात की, निखळ मराठी सामान्यांना समजणार नाही म्हणून त्यांच्या बोलण्यातले शब्द आपण तीत मिसळले. ज्यांनी इंग्लंडमधून येऊन आपल्या आजे-पणजांच्या बोलीला पुराणात जागा दिली, त्यांचे वारस आपण; आणि त्याच घरांतल्या नातवांना आपण हसतो!

शेवटी एक दाखला सर्वांहून वरचा. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूच्या अटकेच्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या पेत्राला लोक कशावरून ओळखतात? त्याच्या बोलण्यावरून. यरुशलेमकरांच्या कानांना त्याची गालिली बोली तत्काळ खटकली. ख्रिस्तसभेचा पहिला पोप उच्चारात नापास झालेला माणूस होता. प्रभूने त्याला कळप सांभाळायला सांगितले तेव्हा आधी उच्चार सुधारून ये, असे सांगितले नाही; त्याने तीनदा विचारले ते प्रीतीविषयी.

वाचकहो, एका काल्पनिक सृष्टीतील काल्पनिक भाषेपासून आम्ही आपणांस आपल्याच सभागृहात परत आणले आहे. ज्या लेखकाच्या हाती आपल्या भाषेची संपूर्ण सत्ता होती, त्याने तिच्यात प्रांतोप्रांतीचे सूर राखले, आणि एका वर्णावरून भाऊ भावाला परका मानू लागला तर घराण्याचे काय होते तेही दाखविले. आपल्या हाती तशी सत्ता नाही; आपल्या हाती फक्त गुणपत्रिका आहे. तिच्यापुरता निर्णय आम्ही घेतला आहे. येत्या वर्षापासून आमच्या धर्मग्रामातील वाचन स्पर्धेत ‘शुद्ध उच्चार’ हा रकाना राहणार नाही. त्या जागी ‘अर्थपूर्ण वाचन’ हा रकाना असेल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी कोणत्याही दिवशी मिस्सानंतर आमच्याकडे यावे आणि आपल्या घरच्या बोलीत खुशाल भांडावे. त्या मुलाच्या घरी मात्र आम्ही स्वतः जाणार आहोत. आमच्या सभागृहात तो रडकुंडीला आला, तेव्हा विनवणीही आम्हांसच केली पाहिजे.